ग्रो लाइट मंद करताना डिमर कुठे लावावा आणि कुठे लावू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रोपांच्या खोलीत 600 वॅटचा सोडियम दिवा चोक (दिव्याचा प्रवाह आवरणारी तारेची गुंडाळी) आणि इग्नायटरवर (दिवा पेटवायला जास्त व्होल्टेजचे ठोके देणारा भाग) चालतो, शेजारी 240 वॅटचे एलईडी पॅनल आहे आणि गरम हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा आहे. कोवळ्या रोपांना प्रकाश जास्त होतो, म्हणून आपण ही तिन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतली आणि त्याच्या आधी '1000 वॅट' असे छापलेला भिंतीवरचा डिमर जोडला. नॉब थोडा खाली आणताच चोक मोठ्याने गुणगुणू लागला, सोडियम दिवा लुकलुकून विझला, काही मिनिटांनी आपोआप पेटला आणि पुन्हा विझला. पॅनलच्या प्रकाशात मात्र काहीच फरक पडला नाही, आणि डिमरची पट्टी हाताला चटका बसेल इतकी तापली. 2000 वॅटचा डिमर घेतला तर हे थांबेल का, असे आपण विचारले आहे.

थांबणार नाही. मोठा डिमर कदाचित थोडा उशिरा जळेल, पण चोक तेवढाच तापेल आणि दिवा तसाच विझेल. तेव्हा पुढचे वाचण्याआधी मुख्य स्विच बंद करून तो डिमर सर्किटमधून काढून टाकावा आणि तोवर सोडियम दिवा लावू नये, ही माझी पहिली विनंती आहे. चटका बसेल इतकी गरम पट्टी म्हणजे आतला भाग त्याहून बराच जास्त तापलेला असतो, आणि ही खोली दिवसाचे 12 ते 16 तास कोणाच्या देखरेखीशिवाय चालते, याचा विसर पडू नये.

आपली बेरीज चुकलेली नाही. वॅट मिळवले तर आकडा 1000च्या आत बसतो. चूक झाली ती त्या आकड्याच्या अर्थात. डिमरवर छापलेले वॅट हे तारेच्या जुन्या बल्बसाठी किंवा साध्या हीटरच्या कॉइलसाठी, म्हणजे निव्वळ रोध असलेल्या भारासाठी असतात. आपल्या बोर्डावर असा भार एकही नाही. चोक, त्याच्या पेटीतला कपॅसिटर, एलईडीला वीज पुरवणारा इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर आणि पंख्याची मोटर अशा चार वेगवेगळ्या स्वभावांच्या वस्तू आपण एका नॉबमागे बांधल्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक वस्तू आपापल्या पद्धतीने बिघडते.

हे समजण्यासाठी डिमर आत काय करतो ते पाहावे लागेल. भिंतीवरचा स्वस्त डिमर व्होल्टेज कमी करत नाही, तो तरंगाचा तुकडा कापतो. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रत्येक अर्धतरंग 10 मिलिसेकंदांचा असतो. डिमरमधला ट्रायॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सुरुवातीचा काही काळ बंद राहतो आणि मग एकदम चालू होतो, आणि हे सेकंदाला 100 वेळा घडते. नॉब मध्यावर असेल तर ट्रायॅक साधारण 5 मिलिसेकंदांनी, म्हणजे तरंग नेमका शिखरावर असताना चालू होतो. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात हे शिखर सुमारे 325 व्होल्टचे असते. म्हणजे शून्यावरून 325 व्होल्टवर एका क्षणात उडी, आणि तीही दर सेकंदाला 100 वेळा. बल्बच्या तारेला याचे काही वाटत नाही, कारण ती तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे धक्के आपोआप सपाट होतात. बाकीच्यांचे तसे नाही.

आता सोडियम दिव्याकडे येऊ. चोकवर चालणाऱ्या 600 वॅटच्या सोडियम दिव्यातून सुमारे 6 अँपिअर प्रवाह जातो. पुरवठ्यातून मात्र साधारण 3 अँपिअरच घेतले जातात, कारण चोकच्या पेटीत पॉवर फॅक्टर सुधारणारा, म्हणजे पुरवठ्यावरचा जादा प्रवाह कमी करणारा, कपॅसिटर बसवलेला असतो. या आकाराच्या दिव्यासाठी तो बहुधा 60 ते 65 मायक्रोफॅरडचा असतो. हा कपॅसिटर थेट फेज आणि न्यूट्रलमध्ये असतो, म्हणजे आपल्या जोडणीत तो थेट डिमरच्या तोंडाशी आला. रिकाम्या कपॅसिटरवर अचानक 325 व्होल्ट आले की क्षणभर फार मोठा प्रवाह धावतो आणि तो ट्रायॅकमधूनच जावा लागतो. पट्टी तापण्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

चोकचे दुखणे वेगळे आहे आणि ते अधिक धोक्याचे आहे. चोकमधला प्रवाह हळूहळू वाढतो आणि व्होल्टेजच्या मागे राहतो. ट्रायॅकला चालू राहायला सुरुवातीलाच काही किमान प्रवाह लागतो. तो मिळेपर्यंत गेटचा, म्हणजे ट्रायॅक चालू करणाऱ्या टोकाचा, छोटा ठोका संपून गेला, तर ट्रायॅक त्या अर्धतरंगात पुन्हा बंद पडतो. अनेकदा असे होते की एका दिशेचा अर्धतरंग जातो आणि उलट दिशेचा जात नाही. मग चोकमधून जाणाऱ्या प्रवाहात डीसीचा अंश येतो, गाभा चुंबकीयदृष्ट्या तृप्त होतो, आणि प्रवाह आवरण्याचे जे चोकचे एकमेव काम, तेच तो करू शकत नाही. वायूच्या दिव्याला स्वतःचा प्रवाह स्वतः रोखता येत नाही, प्रवाह वाढला की त्याचा रोध उलट कमी होतो. म्हणून तर चोक लागतो. तो निकामी झाला की दिवा आणि वाइंडिंग दोन्ही वाऱ्यावर.

मी स्वतः हे एकदा मीटरवर पाहिले आहे. अशाच एका रोपांच्या खोलीत मला बोलावले होते, तक्रार फक्त आवाजाची होती. मी एसी आणि डीसी दोन्ही मोजणारा ट्रू आरएमएस (कापलेल्या तरंगातही खरा प्रवाह दाखवणारा) क्लॅम्प मीटर फेजच्या तारेला लावला आणि नॉब हळूहळू खाली आणायला सांगितले. प्रकाश कमी झाला, पण मीटरवरचा आकडा 3 अँपिअरच्या आसपासून वर चढत 5च्या पुढे गेला. मंद केल्यावर वीज वाढते आहे हे पाहून त्या माणसाने नॉब सोडूनच दिला. पेटी उघडली तेव्हा चोकवरचे वॉर्निश तपकिरी होऊन कडेला फुगले होते आणि एकदा नाकात गेला की विसरता येत नाही असा जळका, गोडसर वास येत होता. तेव्हापासून 'चोक नेहमीपेक्षा जोरात गुणगुणतो' हे वाक्य मी किरकोळ तक्रार म्हणून ऐकत नाही.

दिवा विझणे आणि पुन्हा पेटणे यामागे इग्नायटर आहे. कापलेल्या तरंगात प्रवाह नसलेला काळ लांबतो, दिव्यातला आर्क, म्हणजे वायूतून वाहणारी वीज, थंड होतो आणि तुटतो. गरम दिव्यातला दाब इतका जास्त असतो की तो लगेच पेटत नाही. सोडियम दिव्याला एखाद-दोन मिनिटे किंवा थोडी अधिक, तर मेटल हॅलाइड या दुसऱ्या प्रकारच्या वायूच्या दिव्याला 10 ते 15 मिनिटे निवावे लागते. त्या सगळ्या वेळात साधा इग्नायटर 4000 ते 5000 व्होल्टचे ठोके देत राहतो. ते ठोके होल्डर, तार आणि वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर पडतात. दिवसातून एकदा, काही सेकंदांसाठी हे सोसायला ती वस्तू बनवलेली असते, तासन्‌तास नाही.

मग सोडियम दिवा मंद करताच येत नाही का? येतो, पण पुरवठ्याच्या तारेवरून नाही. त्यासाठी मंद करण्याची सोय ज्याच्या आतच आहे असा इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट लागतो, ज्यावर 50, 75, 100 टक्के असा फिरता स्विच असतो. तो स्वतः दिव्याचा प्रवाह आवरतो, आणि त्याच्या आधीचा पुरवठा अखंड, पूर्ण तरंगाचा राहतो. दिवा मात्र पूर्ण शक्तीवर पेटवावा, 15 मिनिटे स्थिर होऊ द्यावा आणि मगच खाली आणावा. 50 टक्क्यांच्या खाली नेऊ नये. शिवाय वीज निम्मी केली की प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो, आणि रंगही बदलतो: सोडियम अधिक पिवळा पडतो, मेटल हॅलाइड निळसर-हिरवट होतो. त्यामुळे मेटल हॅलाइड मंद करून वापरण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. आपला बॅलास्ट चोकचा आहे, तेव्हा त्याला कोणताही डिमर जोडू नये.

एलईडी पॅनलवर परिणाम का झाला नाही, हा आपल्या प्रश्नातला सर्वांत बोधक भाग आहे. चांगल्या ड्रायव्हरच्या लेबलावर इनपुट 100 ते 277 व्होल्ट असे काहीसे लिहिलेले असते. याचा अर्थ पुरवठा कमी झाला तरी आउटपुट तेवढेच ठेवायचे, असे त्याला शिकवलेले आहे. व्होल्टेज कमी केले की तो भरपाई म्हणून जास्त प्रवाह ओढतो. म्हणजे ज्याला आपण मंद करू पाहता, तो ड्रायव्हर आपल्याशी रस्सीखेच करत असतो आणि त्या ओढाताणीत डिमर व ड्रायव्हरचा इनपुट कपॅसिटर दोघेही झिजतात. काही ड्रायव्हर तरंग कापणाऱ्या डिमरसाठी मुद्दाम बनवलेले असतात आणि तसे लेबलावर स्पष्ट लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर तो त्यासाठी नाही असेच धरावे. मोठ्या ग्रो लाइटमध्ये असे ड्रायव्हर क्वचित आढळतात.

त्याऐवजी आपल्या ड्रायव्हरला दोन बारीक जास्तीच्या तारा आहेत का, किंवा रबरी बुचाखाली प्रकाश कमी-जास्त करण्याचा छोटा स्क्रू आहे का, ते पाहावे. त्या तारा बहुधा 0 ते 10 व्होल्टच्या नियंत्रणासाठी असतात. अनेक ड्रायव्हर तिथे 10 व्होल्टचा पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारा) संकेत किंवा साधा पोटेन्शिओमीटरही (नॉबने बदलता येणारा रोध) स्वीकारतात. पोटेन्शिओमीटरचे मूल्य बऱ्याच ड्रायव्हरांत 100 किलोओम असते, आणि दोन ड्रायव्हर एकाच नॉबवर समांतर घेतले तर ते निम्मे, म्हणजे 50 किलोओम लागते. तरीही आपल्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात दिलेलाच आकडा घ्यावा. या तारांवर मुख्य पुरवठा कधीही येता कामा नये. 230 व्होल्ट चुकून लागले तर ड्रायव्हर त्याच क्षणी संपतो. नियंत्रणाच्या तारा मुख्य तारांपासून वेगळ्या नळीतून न्याव्यात आणि धन-ऋण टोके पाहून जोडावीत.

या मार्गाने मंद केलेल्या एलईडीचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. ती थंड चालते, टिकते, आणि दर वॅटमागे थोडा अधिकच प्रकाश देते. सोडियमच्या अगदी उलट. म्हणून आपल्या खोलीत प्रकाश कमी-जास्त करण्याचे काम पॅनलकडे द्यावे आणि सोडियम दिवा एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवावा. फक्त एक ध्यानात असू द्यावे: नियंत्रणाचा नॉब शून्यावर नेला म्हणजे पुरवठा तुटला असे नाही. काम करायचे असेल तर प्लगच काढावा. भिंतीवरच्या डिमरबाबतही हेच खरे आहे. तो बंद दिसत असला तरी त्यातून थोडी वीज झिरपू शकते, आणि ट्रायॅक जळतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे भार बंद न होता पूर्ण चालू होतो.

पंख्याचा विचार स्वतंत्र करावा लागतो. सर्वांत आधी, तो दिव्याच्या नॉबवर असताच कामा नये. दिवा मंद करताना पंखाही मंदावला, तर उष्णता खोलीत साचते, आणि सोडियम दिव्याच्या खोलीत पंखा हेच सुरक्षेचे साधन असते. एसी मोटरचा टॉर्क साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो; व्होल्टेज निम्मे झाले तर टॉर्क चौथाईवर येतो. जाळी धुळीने भरली असेल किंवा बेअरिंग जड झाले असेल, तर पंखा थांबतो, आणि थांबलेल्या मोटरचे वाइंडिंग प्रवाह घेतच राहते. ती थंड करायला हवाही नसते. पंख्यासाठी बनवलेला रेग्युलेटर मोटरचा स्वभाव धरून बनवलेला असतो आणि त्याला किमान वेगाची मर्यादा ठेवता येते. दिव्याचा डिमर तिथे चालत नाही. टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर त्याहून चांगला, कारण तो तरंग न कापता लहान करतो आणि मोटर गुणगुणत नाही. पंखा ईसी मोटरचा (आतच इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या मोटरचा) असेल तर त्यालाही 0 ते 10 व्होल्टचे नियंत्रण असते आणि मग प्रश्नच मिटतो. पाण्याचा पंप असेल तर त्याला कोणताही डिमर लावू नये. प्रवाह कमी करायचा तर व्हॉल्व्ह फिरवावा.

साध्या तरंग कापणाऱ्या डिमरला मी सरसकट वाईट म्हणत नाही. आत कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स नसलेली तापणारी चटई किंवा तारेचा बल्ब त्यावर उत्तम चालतो. ट्रायॅकवर सुमारे 1 ते 1.5 व्होल्ट पडतात, म्हणजे 3 अँपिअरला 3 ते 4.5 वॅट उष्णता डिमरच्या छोट्या खोक्यात निर्माण होते. भिंतीतल्या बंद डब्यात ती सहज निघून जात नाही, आणि रोपांची खोली आधीच उबदार असते. म्हणून सलग चालणाऱ्या भारासाठी मी छापलेल्या क्षमतेच्या निम्म्याहून पुढे जात नाही. हा माझा अनुभवाचा आकडा आहे, नियमाचा नाही.

टायमरबद्दल आपण विचारले नाही, पण पुढचा बिघाड बहुधा तिथेच होईल, म्हणून सांगतो. बऱ्याच टायमरवर '16(2) अँपिअर' असे छापलेले असते. कंसाबाहेरचा आकडा रोधभाराचा, आतला मोटर किंवा चोकसारख्या भाराचा. लोक 16 वाचतात आणि 2 सोडून देतात. एलईडी ड्रायव्हरही चालू होताना एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ काही दहा अँपिअर ओढू शकतो, आणि असे रोज घडून टायमरचे संपर्क चिकटतात. मग दिवा वेळेवर बंदच होत नाही. टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल चालवावी आणि खरा भार कॉन्टॅक्टरवर घ्यावा. ओलसर खोलीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि प्रत्येक धातूच्या पेटीला अर्थिंग याला पर्याय नाही. तार खालून वळण घेऊन सॉकेटमध्ये जाईल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता वळणावरून खाली पडतो. वायरिंगचे आकार आणि नियम जागेनुसार बदलतात. ते स्थानिक परवानाधारक इलेक्ट्रिशियनने ठरवावेत.

आता मूळ गरजेकडे येऊ, कारण आपल्याला डिमर नको होता, कमी प्रकाश हवा होता. रोपाला दिवसभरात मिळणारा एकूण प्रकाश म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. समजा पानांवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला 300 मायक्रोमोल (रोपांना उपयोगी प्रकाश मोजण्याचे एकक) पडतात आणि दिवा 16 तास चालतो, तर दिवसाचे 17.3 मोल होतात. कोवळ्या रोपांना 12च्या आसपास पुरत असतील, तर तीव्रता 200 वर आणून 16 तास ठेवली तरी 11.5 मोल होतात, आणि 300 तीच ठेवून 11 तास चालवले तरी 11.9 मोल होतात. म्हणजे टायमरने बरेच साधते, फक्त दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणारी रोपे असतील तर हा उपाय जपून करावा. दुसरा मार्ग दिवा वर उचलण्याचा. अंतर दीडपट केले की बिंदूसारख्या उघड्या दिव्याचा प्रकाश निम्म्याहून कमी होतो, पण परावर्तक आणि पांढऱ्या भिंती असताना घट तेवढी होत नाही, म्हणून मोजूनच ठरवावे. पहिल्या दोन आठवड्यांत सोडियम दिवा बंद ठेवून फक्त पॅनल वापरणे मला आपल्यासाठी सर्वांत सोपे वाटते.

डिमर काढल्यावर दिवा लगेच लावू नये. प्लग काढून काही मिनिटे थांबावे, कारण कपॅसिटरमध्ये साठलेली वीज शिल्लक असू शकते, आणि मग इलेक्ट्रिशियनकडून पेटी उघडून घ्यावी. चोकवरचे वॉर्निश काळवंडले आहे का, कपॅसिटर फुगला आहे का, होल्डरच्या संपर्काजवळ काळी रेघ आहे का, हे डोळ्यांनीच दिसते. वाइंडिंग आणि धातूच्या पेटीमधले इन्सुलेशन 500 व्होल्टच्या मेगरने तपासावे. ते 1 मेगओमच्या खाली आले असेल तर तो चोक पुन्हा वापरू नये. एक्स्टेंशन बोर्डाच्या पिना आणि डिमरला जोडलेल्या तारेची टोकेही पाहावीत, इन्सुलेशन कडक किंवा पिवळे झाले असेल तर तेवढी तार कापून टाकावी. हे झाल्यावर ड्रायव्हरच्या आणि पंख्याच्या लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा कळवावा. पॅनलला नियंत्रणाच्या तारा आहेत की नाहीत आणि पंख्याची मोटर कोणत्या प्रकारची आहे, एवढे समजले की कोणता नॉब कुठे जोडायचा ते मी नेमके सांगू शकेन.